दहा माळांचं खलणं

आमच्या लॅबमध्ये खल दोन. एक चिनी मातीचा, बी.एस्सी.च्या मुलांसाठी. दुसरा अ‍ॅगेटचा, म्हणजे अकीक दगडाचा, करडा, गुळगुळीत, तळहातात मावेल एवढा. त्याला मुलांनी हात लावायचा नाही, असा भोयर सरांचा नियम. त्या खलात सोनिकाची पावडर खलायचं काम माझ्याकडे होतं. मी प्रेमलता, फिजिक्स विभागात लॅब अटेंडंट. कंत्राटावर अकरा वर्षं झाली.

सोनिका गजभिये ही सरांची पीएच.डी.ची विद्यार्थिनी. घर मौद्याचं. वडील कवडूजी तिथल्या वीज केंद्रात ठेकेदाराकडे, कोळशाच्या पट्ट्यावर. ती स्वतः शहराबाहेर वाडीला एक खोली घेऊन राहायची. खोलीच्या खालीच गोदाम होतं, दिवसभर ट्रक लागायचे. अभ्यास लॅबमध्येच व्हायचा, म्हणून सकाळी माझ्याआधी येऊन दाराशी उभी असायची. किल्ली माझ्याकडे.

ती जी पावडर बनवायची ती दिसायला रांगोळीसारखी पांढरी. कॅल्शियम सल्फेट, आणि त्यात डिस्प्रोशियम नावाचं महागडं औषध, चिमटीतही येणार नाही एवढं. दोन्ही तेजाबात, म्हणजे अ‍ॅसिडात, विरघळवायचं, दिवसभर तापवून तेजाब उडवून टाकायचं, उरलेले खडे धुवायचे, वाळवायचे आणि सातशे डिग्रीच्या भट्टीत एक तास ठेवायचे. मग खलायचं. तयार पावडर काळ्या कागदात बांधून विद्यापीठात न्यायची. तिथे कोबाल्टच्या यंत्रात तिच्यावर गॅमा किरण सोडतात. डोळ्यांना काही दिसत नाही, पावडर होती तशीच पांढरी. पण किरणांनी दिलेलं ती आत धरून ठेवते. आमच्या मशीनमध्ये कणभर पावडर तापवली, की धरलेलं सारं उजेडाच्या रूपात सोडून देते आणि स्क्रीनवर डोंगरासारखी एक रेघ चढते, उतरते. डोंगर जेवढा उंच, तेवढी पावडर चांगली. एक्स-रेच्या खोलीत, कॅन्सरच्या दवाखान्यात काम करणारी माणसं छातीला जो बिल्ला लावतात, त्यात अशीच पावडर असते. कोणाच्या अंगावर किती किरण पडले ते त्यावरून कळतं.

हे सगळं मला सोनिकानेच समजावलं होतं, डबा खाता खाता.

खलण्याचं असं, की चांगली कंपनीची चाळणी असेल तर सारख्या आकाराचे कण चाळून घेता येतात. आमची चाळणी फाटली होती. नवीन मागवलेली, कागद ऑफिसात फिरत होता. म्हणून सोनिकाने ठरवलं, की दर वेळी मोजून वीस मिनिटं खलायचं, म्हणजे कण साधारण सारखे येतील. मार्च महिन्यात पहिल्यांदा तिने मला खल दिला तेव्हा माझ्या डाव्या हाताच्या बोटात जपाचं काउंटर होतं. ते अंगठीसारखं बोटात घालायचं आणि अंगठ्याने बटन दाबायचं. डाव्या हाताने खल धरायचा, उजव्याने बत्ता फिरवायचा, मनात नाम. दोन अक्षरी नाम, ते मी कित्येक वर्षं घेते. त्या दिवशी घड्याळाकडे बघून ताडून पाहिलं. एक हजार ऐंशी नामं, म्हणजे दहा माळा, बरोबर वीस मिनिटांत झाल्या. मी सोनिकाला म्हटलं, यापुढे घड्याळ बघायची गरज नाही, दहा माळा खलत जाईन.

"लिहू काय मग तसंच, मावशी? वेळ, दहा माळा?" ती हसली आणि वहीत वीस मिनिटं असं लिहिलं.

ती बौद्ध घरातली. उपास-नेम तिच्या घरी नाहीत. पण माझे ओठ हलताना दिसले, की कितीही घाईचं काम असो, ती माझ्याशी बोलत नसे. थांबायची. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं.

मार्चच्या त्या पावडरीचा डोंगर नेहमीच्या पावडरीच्या तिप्पट चढला. सोनिकाने सरांना बोलावलं. सरांनी तीनदा मशीन पुसून पुन्हा बघितलं. पुढचे तीन महिने ती पावडर कणाकणाने वापरली. कमी किरण दिले तर किती, जास्त दिले तर किती, महिनाभर ठेवली तर किती उरतं. जूनमध्ये पावडर संपली आणि सोनिकाची फेलोशिपही संपली. आता फक्त सरांची सही, सेमिनार आणि मग थिसिस. मुंबईच्या एका प्रयोगशाळेने तपासणीसाठी दहा ग्रॅम मागितले होते. सर म्हणाले, नवीन बनवून पाठवू.

त्या वर्षी अधिक महिना श्रावणात आला. माझी मुलगी मेघा वर्ध्याला दिलेली. लग्नाला सहा वर्षं झाली, पाळणा हलला नव्हता. अधिकात जे करू ते अधिक, असं आमच्याकडे मानतात. मी महिनाभरासाठी नाम बदललं आणि बारा अक्षरांचा मंत्र घेतला. संकल्प मेघासाठी. कोणाला सांगितलं नाही. नेमाचा आकडा ओठांबाहेर काढायचा नसतो, काढला की फळ जातं, असं माझी आई म्हणायची. मेघालाही मी फक्त एवढंच सांगितलं होतं, की या महिन्यात मी काहीतरी करते आहे.

त्या महिन्यात सोनिकाने तीनदा पावडर बनवली. तिन्ही मी खलल्या. दहा दहा माळा.

दोन अक्षरांच्या दहा माळा आणि बारा अक्षरांच्या दहा माळा यांना सारखा वेळ लागत नाही, हे मला कळत नव्हतं असं नाही. हात दुखून यायचा. पण मला वाटायचं, जेवढं बारीक तेवढं उत्तम. चंदन काय, औषध काय, आपण कधी ऐकलं का की जास्त घोटल्याने बिघडलं? उलट मुंबईला जायची पावडर होती. पोरीचं भलं व्हावं म्हणून मी एकही माळ कमी केली नाही.

तिन्ही पावडरींचे डोंगर बुटके निघाले.

सोनिका वेड्यासारखी कारण शोधू लागली. तेजाबाची बाटली नवीन होती, ती बदलली. पावसाळी हवेत पावडर ओल धरते म्हणून डब्यात ओल शोषणाऱ्या गोळ्या ठेवल्या. भट्टीचा विजेचा दाब मोजला. मला विचारलं, "मावशी, खलण्यात काही बदललं काय?"

"नाही वं. दहा माळाच," मी म्हटलं. आणि ते खरं होतं.

मुंबईला पाठवायची तारीख आली होती. तिन्हीतली त्यातल्या त्यात बरी पावडर सरांनी पाठवली. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात पत्र आलं. सांगितलेला गुण नमुन्यात आढळला नाही, असं सरळ दोन ओळींचं. सरांनी तोपर्यंत एका परिषदेत त्या तिप्पट डोंगराबद्दल बोलून टाकलं होतं. त्यांनी सोनिकाला केबिनमध्ये बोलावलं. केबिनला फक्त लाकडी पार्टिशन आहे, मी बाहेर काचा पुसत होते, सगळं ऐकू आलं. सर ओरडले नाहीत. त्यांनी मार्चच्या फाइली मागितल्या, तेव्हा मशीनवर आणखी कोण होतं ते विचारलं, ती पावडर थोडीही उरलेली नाही का ते विचारलं. मग म्हणाले, की तो ग्राफ थिसिसमध्ये ठेवता येणार नाही, आणि तो ग्राफ काढला तर थिसिसमध्ये उरतं काय, ते तिनेच सांगावं.

"सर, मी तो आकडा बनवला नाही," सोनिका म्हणाली.

सर म्हणाले, "मी तसं म्हटलं नाही." पण सेमिनारच्या फॉर्मवर त्यांनी सही केली नाही. तिची नोंदणी सप्टेंबरअखेर संपत होती. त्याआधी सेमिनार झाला नाही, तर पाच वर्षं गेली, पुन्हा पहिल्यापासून नाव घाला.

ती बाहेर आली तेव्हा माझ्याकडे बघितलं नाही. मौद्याला फोन लावून बाबांना सांगितलं, की सरांना वेळ नाही म्हणून तारीख पुढे गेली आहे.

दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा तेजाब चढवलं. पाचवी पावडर. अधिक महिना केव्हाच संपला होता आणि मी माझ्या जुन्या दोन अक्षरांवर परत आले होते. मी खलली, दहा माळा, आणि काळ्या कागदात बांधून दिली. तिने स्वतः विद्यापीठात जाऊन किरण देऊन आणली. मशीनवर डोंगर चढला. तिप्पट.

मला वाटलं ती नाचेल. ती खुर्चीवर बसूनच राहिली. सर आले, त्यांनी स्क्रीन बघितली. मग म्हणाले, "मुंबईचं पत्र आल्यावर आठ दिवसांत बरोबर तिप्पट. मी यावर काय समजू, सोनिका?"

ती म्हणाली, "मले माहीत नाही, सर." लॅबमध्ये ती कधी अशी घरच्यासारखी बोलत नसे.

चांगला डोंगर आल्याने तिचं आणखी वाईट झालं होतं.

दुपारी लॅब रिकामी होती. सोनिकाने भिंतीवर एक मोठा कागद चिकटवला होता. पाच पावडरी आणि प्रत्येकीचं सगळं. तेजाबाची बाटली कोणती, धुतलं किती वेळा, भट्टी किती, हवेत ओल किती, विजेचा दाब किती. एकही रांग अशी नव्हती, की जिच्यात काही बदललं नाही. फक्त खलण्याची रांग तेवढी सारखी. वीस, वीस, वीस, वीस, वीस. त्या रांगेवर तिने पेन्सिलीने आडवी रेघ मारली होती. इथे शोधायचं कारण नाही, असं.

मी खल धूत होते. तो कागद मी किती तरी वेळा बघितला होता. त्या दुपारी पहिल्यांदा वाचला. दुसरी, तिसरी आणि चौथी या पावडरी अधिकातल्या. त्या तिन्हींच्या खालचे वीस खोटे होते. आणि ते खोटे आहेत हे जगात एकट्या मला माहीत होतं.

माझे हात ओलेच राहिले. जास्त बारीक झाल्याने पावडर बिघडते की नाही, हे मला कळत नव्हतं, मी शिकलेली नाही. पण पोरीने सगळं जग धुंडाळलं आणि जिथे वेगळं काही होतं तिथे रेघ मारली, का, तर मी म्हटलं होतं दहा माळाच. सांगायचं तर सगळंच सांगावं लागणार. कोणता जप, किती, केव्हापासून. आकडा ओठांबाहेर. मेघासाठी केलेला अख्खा महिना. मी देवाला मनात विचारलं, पण असल्या वेळी तो काही बोलत नाही. खल पुसून कपाटात ठेवला आणि केबिनच्या दारावर टकटक केली.

माझा आवाज मुळात लहान. सरांना दोनदा विचारावं लागलं. मी उभ्या उभ्या सांगितलं, की वीस मिनिटं नव्हती, माझा नेम बदलला होता, म्हणून वेळ बदलला. सरांनी चष्मा काढला.

"प्रेमलताबाई, तुम्ही हे त्या मुलीसाठी सांगताय का? तिने सांगितलं तुम्हाला असं म्हणायला?"

"तिला ठाऊकच नाही, सर. कोणालाच नाही."

"किती वेळ खलली मग?"

"घड्याळ नाही बघितलं. एक हजार ऐंशी मंत्र. एका बैठकीला." आकडा ओठांबाहेर गेला होता. "तशा तिन्ही वेळा."

सरांनी माझ्या बोटातल्या काउंटरकडे बघितलं. मागे एकदा दसऱ्याला मी भट्टीला झेंडूचं फूल बांधलं होतं, तेव्हा त्यांनी ते काढून माझ्या हातात दिलं होतं, लॅबमध्ये हे नको म्हणून. मला वाटलं आता तसंच काही म्हणतील. ते उठले, लॅबमध्ये आले, सोनिकाला हाक मारली आणि तिला पाचव्या खेपेच्या उरलेल्या, न खललेल्या खड्यांचे दोन सारखे भाग करायला सांगितले. मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं.

मला म्हणाले, "करून दाखवा. तेव्हा जसं केलं तसंच. आमच्याकडे लक्ष देऊ नका."

माणसांसमोर बसून जप करायची मला सवय नाही. मी स्टुलावर बसले, डाव्या हाताने खल धरला. सोनिका दाराजवळ उभी, तिला काय चाललं आहे तेही नीट समजलं नव्हतं. सर समोरच्या स्टुलावर. सुरुवातीला माझा मंत्र अडखळला, दोन माळांनंतर लागला. बत्ता फिरत होता. मधे कोणी तरी विद्यार्थी दारात आला, सोनिकाने त्याला हातानेच परत पाठवलं. सरांचा फोन वाजला, त्यांनी तो उलटा ठेवला. घड्याळाचं ते बहुधा विसरले असावेत, कारण शेवटच्या बटनाला मी हात थांबवला तेव्हा ते खिडकीकडे बघत होते, आणि सोनिकानेच पुढे होऊन मोबाइल सरळ केला.

"एक्कावन्न मिनिटं, सर."

मग दुसरा भाग. दोन अक्षरी नाम. एकोणीस मिनिटं आणि काही सेकंद.

सोनिका भिंतीवरच्या कागदासमोर जाऊन उभी राहिली. माझ्याकडे वळली तेव्हा तिच्या डोळ्यांत राग होता, मी तो आधी कधी बघितला नव्हता. "मावशी, मी विचारलं होतं न तुमाले. काहून नाही सांगितलं?"

"माझ्या लेखी काही बदललंच नव्हतं वं. माळा दहाच होत्या." आणि मग जे सरांना सांगितलं नव्हतं तेही सांगितलं. "मेघासाठी होता तो नेम. सांगायचा नसतो. आणि मले वाटलं, जास्त घोटलं त तुयं चांगलंच होईन."

तिने दोन्ही पुड्या बांधल्या, एकीवर एक्कावन्न आणि दुसरीवर एकोणीस लिहिलं. सर म्हणाले, विद्यापीठात मी घेऊन जातो. तिच्या हातून द्यायच्या नव्हत्या, हे तिलाही समजलं आणि मलाही. तिने त्या दिल्या.

दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत सोनिका माझ्याशी कामापुरतं बोलली. मेघाचा फोन आला होता, आई, तुझा नेम नीट पार पडला न, म्हणून. मी हो म्हटलं. तेही अर्धंच खरं.

तिसऱ्या दिवशी सर पुड्या घेऊन आले. मशीनवर स्वतः बसले, सोनिकाला मागे उभं केलं. आधी एकोणीसची. डोंगर वर वर चढत गेला, मार्चमध्ये चढला होता तेवढा. मग एक्कावन्नची. मी लांब कपाटाशी उभी होते, पण तिथूनही दिसत होतं. अर्ध्याच्याही खाली. सरांनी ती आणखी दोनदा लावली, दर वेळी बुटकीच.

मग त्यांनी सोनिकाला समजावलं, आणि मीही ऐकावं म्हणून थोडं मोठ्याने. भट्टीत तापवून खड्यांच्या आत किरण धरून ठेवायच्या ज्या जागा तयार होतात, त्या जास्त खलण्याने मोडतात. कण फार बारीक झाले की त्यांची धरायची ताकद जाते. कृती तीच, औषध तेच, उष्णता तीच, तरी शेवटच्या अर्ध्या तासात सगळं बदलतं. चाळणी असती तर वेळेवारी लक्षात आलं असतं. वीस, तीस, चाळीस, पन्नास मिनिटं असं करून पूर्ण तक्ता बनवायला हवा, म्हणाले. थिसिसमध्ये ते एक वेगळं प्रकरण होईल.

"खलायचं कोणी?" सोनिकाने विचारलं.

"खलतील त्याच. पण घड्याळावर," सर म्हणाले. आणि माझ्याकडे बघून, "मनात काय म्हणायचं ते म्हणा."

मग ते पुन्हा स्क्रीनकडे वळले. सोनिकाकडे न बघताच म्हणाले, "मार्चचं रीडिंग खरं होतं."

ती म्हणाली, "हो, सर."

"मुंबईला मी आजच लिहितो. नमुना आपल्या हातून बिघडला, मोजणीत चूक नव्हती, असं. फॉर्म आण."

तिने बॅगेतून फॉर्म काढला. तीन आठवडे बॅगेत फिरून त्याच्या घड्या पडल्या होत्या. सरांनी त्या हाताने सपाट केल्या, सही केली, खाली तारीख टाकली, बावीस सप्टेंबर. सेमिनार पुढच्या शुक्रवारी.

ती सिंककडे गेली आणि नळ सोडून किती तरी वेळ तोंड धूत राहिली. मी टॉवेल घेऊन उभी राहिले. तिने तो घेतला, तोंड त्यातच ठेवून म्हणाली, "मावशी, तुमच्या मेघाताईचं... सांगितल्यानं खरंच जाते काय फळ?"

"ठाऊक नाही वं," मी म्हटलं. "आई म्हणायची."

"मले असं काही पटत नाही. पण तुमचं गेलं त मले वाईट वाटन."

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. एका लेकीसाठी ठेवलेलं दुसरीच्या वाट्याला गेलं, तर देवाला त्यात काय वाटेल, हे मला कुठे कळणार.

ती व्हरांड्यात गेली आणि फोन लावला. मौद्याला पट्ट्याचा आवाज असतो, म्हणून ती नेहमी मोठ्याने बोलते, तिचं सगळं आत ऐकू येतं.

"बाबा, तारीख भेटली. शुक्रवारी. हो, सुटी काढा न. ... नाही, सरांना वेळ नव्हता असं नव्हतं. मी खोटं बोलली होती तुमच्यासंग. काय झालं होतं ते आल्यावर सांगते, लांब आहे." मग थोडं थांबून, "नाही, बाबा, आता रडून नाही राहिली."

मी आत आले, अ‍ॅगेटचा खल कपाटातून काढला आणि तीस मिनिटांच्या पावडरीसाठी घड्याळ समोर ठेवलं.